राजाश्रय, कात्री आणि रात्रीचा पहारेकरी

आपल्या गावाला कलापूर म्हणायची पद्धत आहे. शाळेत असताना पाहुणे आले की भाषणात हा शब्द यायचाच आणि पाठोपाठ बाबूराव पेंटर, केशवराव भोसले, भालजी पेंढारकर, प्रभात अशी नावांची माळ यायची. आपण टाळ्या वाजवायचो आणि विसरून जायचो. स्मरणिकेसाठी लिहायचं ठरलं तेव्हा ही माळ मी पुन्हा हातात घेतली. मी इंजिनिअर, रोजचं काम सॉफ्टवेअरचं. इतिहासाची आवड लागली ती शाळेत, आणि त्याचं श्रेय इथे ज्यांच्या हाती हे पुस्तक पडेल त्या सर-बाईंना. म्हणून एकच धागा धरून लिहिते: नाटक-सिनेमातल्या आपल्या माणसांनी सरकारला ‘तुम्ही यात पडू नका’ असं कधी आणि कितपत सांगितलं?

या विचाराला जगात एक रीतसर नाव आहे, लिबर्टेरियन. मराठीत शरद जोशींच्या मंडळींमुळे ‘स्वतंत्रतावादी’ हा शब्द रुळला. सरकारचं काम चोर-दरोडेखोरांपासून संरक्षण करणं आणि करार पाळले जातात की नाही हे पाहणं, एवढंच. बाकी माणसाने काय बोलावं, काय विकावं, कसं जगावं यात सरकारने लुडबुड करू नये, असं हे मत. रात्री काठी आपटत फिरणाऱ्या गुरख्याइतकंच सरकार असावं, म्हणून अशा राज्याला ‘रात्रीचा पहारेकरी’ म्हणतात. अमेरिकेतल्या नटमंडळींमध्ये हे मत उघडपणे मांडणारे बरेच भेटतात. क्लिंट ईस्टवूड स्वतःला लिबर्टेरियन म्हणवतो. कार्मेल नावाच्या छोट्या गावात बांधकामाच्या परवानगीवरून त्याचं नगरपालिकेशी वाजलं, तेव्हा तो 1986 साली निवडणुकीला उभा राहिला आणि महापौर झाला. रस्त्यावर आइस्क्रीमचा कोन विकण्यातल्या अडचणी त्याने दूर केल्या, ही त्या कारकिर्दीतली सगळ्यांत लाडकी गोष्ट. राजारामपुरीत संध्याकाळी आइस्क्रीम खात उभं राहणाऱ्या आपल्या लोकांना हे ऐकून गंमत वाटेल.

आपल्याकडे या विचाराचे पक्ष झाले. 1959 साली राजाजी आणि मिनू मसानी यांनी स्वतंत्र पक्ष काढला. 1994 साली शरद जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष स्थापन केला. लायसन्स-परमिटच्या राज्यावर दोन्ही पक्षांनी कडक टीका केली. पण रंगमंचावरची आणि पडद्यावरची माणसं तिकडे फारशी वळली नाहीत. त्यांचं सरकारशी भांडण झालं ते मुख्यतः कात्रीवरून. संहितेवर लाल रेघ ओढली की त्यांच्यातला स्वतंत्रतावादी जागा व्हायचा. एरवी राजाश्रय, अनुदान, करमाफी, पुरस्कार यांच्याशी त्यांचं वाकडं नव्हतं. ही विसंगती आहे की शहाणपण, हा मला पडलेला प्रश्न. त्याचं उत्तर कोल्हापूरच्याच इतिहासात शोधावं लागतं.

सुरुवात राजाश्रयापासून करू. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला खासबाग मैदान दिलं, तसं नाटकाला पॅलेस थिएटर दिलं. 1915 पासून ते उभं आहे आणि पुढे त्याला केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. हे केशवराव म्हणजे 1908 साली ललितकलादर्श मंडळी काढणारे, अवघ्या एकतीस वर्षांच्या आयुष्यात दंतकथा झालेले गायक-नट. त्या काळच्या नाटक कंपन्या तिकिटावर, कर्जावर आणि संस्थानिकांच्या कृपेवर चालत. पण दरबाराचा आश्रय घेतला म्हणून केशवरावांनी देशाच्या राजकारणाकडे पाठ फिरवली नाही. 1921 साली त्यांनी आणि बालगंधर्वांनी मिळून ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या नटांनी एका रंगमंचावर उभं राहून, परक्या सरकारला घालवण्यासाठी उभारलेल्या निधीला पैसा मिळवून दिला. त्याच वर्षी केशवराव गेले.

नाटकाला कात्री लावण्याचा कायदा त्याआधीच आला होता. 1876 सालच्या नाट्यप्रयोग कायद्याने इंग्रज सरकारला कोणताही प्रयोग बंद पाडण्याचा अधिकार दिला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आलं. कथा महाभारतातली, पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ते सरकारलाही समजलं आणि 1910 साली नाटकावर बंदी आली.

आता पाहा, दहा वर्षांनी कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट म्हणून कोणती कथा निवडली? तीच. ‘सैरंध्री’ 1920 साली पुण्यात झळकला. टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. कीचकाच्या वधाचं दृश्य इतकं खरं वाटत होतं की ते कापायला लावलं, असं चित्रपटाच्या इतिहासात सांगतात. या कंपनीच्या भांडवलामागे तानीबाई कागलकर या गायिकेचा हात होता. कलावंताने कलावंताला दिलेला पैसा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सावकार किंवा सरकार असे दोनच दरवाजे असतात, हे खरं नाही. बाबूरावांनी पुढे 1925 साली ‘सावकारी पाश’ काढून दुसऱ्या दरवाजामागे काय असतं तेही दाखवलं.

महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांना सोबत घेऊन 1 जून 1929 रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. पुढच्याच वर्षी त्यांनी शिवरायांवर मूकपट काढला: ‘स्वराज्याचे तोरण’. शिवरायांची भूमिका स्वतः शांताराम यांनी केली. साल 1930. देशात मिठाचा सत्याग्रह पेटलेला, आणि पडद्यावर ‘स्वराज्य’ हा शब्द आणि गडावर चढणारं निशाण. सेन्सॉरने हरकत घेतली. नाव बदलून ‘उदयकाल’ करावं लागलं, शेवटाला कात्री लागली, मगच परवानगी मिळाली. प्रभात 1933 साली पुण्याला गेली, कात्री मात्र पाठोपाठ तिथेही पोहोचली. संत एकनाथांवरच्या चित्रपटाचं नाव ‘महात्मा’ होतं. गांधीजींची आठवण होते म्हणून 1935 साली ते ‘धर्मात्मा’ करावं लागलं. एकनाथ झाले होते बालगंधर्व.

इथवरचा इतिहास आपल्याला सोपा वाटतो, कारण कात्री इंग्रजांच्या हातात होती आणि आपण कोणत्या बाजूला हे ठरलेलं होतं. खरा पेच स्वातंत्र्यानंतरचा. इंग्रज गेले आणि कात्री राहिली. 1952 साली चित्रपटांसाठी नवा कायदा झाला, पण प्रदर्शनाआधी परवानगी घ्यायची ही मूळ रीत बदलली नाही. दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास या रीतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, पण 1970 साली न्यायालयाने पूर्वपरवानगी वैध ठरवली. महाराष्ट्रात नाटकासाठीही सरकारचं परिनिरीक्षण मंडळ आहे. संहिता तिथे द्यायची, शिक्का घ्यायचा, मग पडदा उघडायचा. आणि तो 1876 सालचा कायदा? तो पुस्तकातून काढून टाकायला 2018 साल उजाडलं.

माझ्या कामातला एक फरक सांगते, म्हणजे हा मुद्दा नीट कळेल. संगणकाच्या व्यवस्थेत सुरक्षेच्या दोन रीती असतात. एकीत प्रत्येक गोष्टीला आधी मनाई असते आणि परवानगी मिळेल तेवढंच करता येतं. दुसरीत सगळं मोकळं असतं, पण नोंद राहते आणि कुणी गैर केलं तर नंतर धरलं जातं. बँकेच्या तिजोरीला पहिली रीत योग्य. पण कुणी विचार मांडताना पहिली रीत लावली की काय होतं? नंतर शिक्षा होण्याची शक्यता असेल तर माणूस विचार करून बोलतो. आधी परवानगी घ्यायची असेल तर तो परवानगी देणाऱ्याच्या डोक्याने विचार करू लागतो. कात्री वापरावीच लागत नाही, लेखक घरूनच कापून आणतो.

नववीत आपण स्नेहसंमेलनासाठी एकांकिका बसवली होती, तिची वही बाईंकडे द्यावी लागली होती आणि दोन वाक्यांवर लाल रेघ आली होती, हे काहींना आठवत असेल. त्यात काही गैर नव्हतं. आपण चौदा वर्षांचे होतो आणि बाईंवर आपली जबाबदारी होती. प्रश्न इतकाच आहे की चाळिशी ओलांडलेल्या माणसाने तिकीट काढून काय पाहावं, हे ठरवणारी बाई कोण?

तो प्रश्न 1972 साली विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ने विचारला. निळू फुले आणि लालन सारंग यांच्या भूमिका, कमलाकर सारंगांचं दिग्दर्शन. काही प्रयोग झाले आणि मग नाटक अडलं. मंडळाने सुचवलेली कापाकापी सारंगांना मान्य नव्हती. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. न्यायालयाने वाट मोकळी केल्यानंतरही संस्कृतिरक्षक म्हणवणाऱ्यांचा विरोध थांबला नाही. त्या सगळ्या खटाटोपावर सारंगांनी ‘बाइंडरचे दिवस’ हे पुस्तक लिहिलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. लक्षात घ्या, निळू फुले राष्ट्र सेवा दलातले, समाजवादी. गरिबासाठी सरकारने खूप काही करावं असं मानणारे. तरीही संहितेत सरकार नको, यावर ते ठाम होते. म्हणजे ही भूमिका घ्यायला माणूस अमेरिकन पद्धतीचा स्वतंत्रतावादी असावा लागत नाही.

तीन वर्षांनी आणीबाणी आली. या काळाचा आपल्या परिसराशी जवळचा संबंध आहे. 1974 सालचं मराठी साहित्य संमेलन इचलकरंजीला झालं आणि अध्यक्ष होते पु. ल. देशपांडे. पुढचं संमेलन 1975 साली कऱ्हाडला झालं. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणि स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. जयप्रकाश नारायण तेव्हा आजारी होते. दुर्गाबाईंनी त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सभेला सांगितलं. ज्या सरकारने जयप्रकाशांना तुरुंगात टाकलं होतं, त्या सरकारचे मंत्री मांडवात असताना. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली.

मनोरंजनाच्या दुनियेत बहुतेकांनी मान खाली घातली. ज्यांनी घातली नाही त्यांची नावं थोडी आहेत, म्हणून लक्षात राहतात. किशोरकुमारने सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमात सहभागी व्हायला नकार दिला, तर 1976 साली आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्याची गाणी बंद झाली. आपल्या आईवडिलांच्या पिढीला रेडिओ म्हणजेच आकाशवाणी होती. सरकारच्या हातात एकच बटण आणि त्या बटणाने एक आवाज घराघरातून गायब. अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना बंगळूरच्या तुरुंगात ठेवलं. दम्याचा विकार बळावल्यावर त्यांना सोडलं आणि जानेवारी 1977 मध्ये त्या गेल्या.

पु. ल. देशपांडे यांचं या यादीतलं स्थान वेगळं आहे. हसवणारा माणूस, आकाशवाणी आणि दूरदर्शन या सरकारी माध्यमांत नोकरी केलेला, सगळ्या पक्षांच्या घरांत वाचला जाणारा. गप्प राहिले असते तर कुणी दोष दिला नसता. 1977 च्या निवडणुकीत ते जनता पक्षाच्या प्रचाराला उतरले, गावोगाव सभा घेतल्या. विदूषकाने राजकारणात पडू नये, अशी टीका झाली. सत्ता आली तेव्हा त्यांनी पद घेतलं नाही, ते आपल्या लेखनाकडे आणि गाण्याकडे परत गेले. सत्ता मिळवणं हा त्यांचा उद्देशच नव्हता, ती एका ठिकाणी साचलेली त्यांना नको होती.

देव आनंदने वेगळी वाट धरली. संजय गांधींची स्तुती करायला नकार दिल्याने दूरदर्शनवर आपल्याला बंदी झाली, असं त्याने आत्मचरित्रात सांगितलं आहे. आणीबाणीनंतर आलेल्या सरकारबद्दलही त्याचा भ्रमनिरास झाला आणि 1979 साली त्याने चित्रपटसृष्टीतल्या लोकांना घेऊन ‘नॅशनल पार्टी ऑफ इंडिया’ काढली. शिवाजी पार्कवर सभाही झाली. पण पक्ष टिकला नाही, अल्पावधीतच गुंडाळावा लागला. कात्रीविरुद्ध एकत्र येणं एक आणि शेती, पाणी, रोजगार यांवर एक मत बनवणं दुसरं. कलावंतांचं स्वातंत्र्यप्रेम हा पक्षाचा पाया होण्याइतका रुंद नाही, एवढं त्या प्रयोगातून कळलं.

आता आपल्या वर्षाकडे येते. आपण 1996 साली दहावीची परीक्षा दिली. त्याच वर्षी राज्य सरकारने ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराचा पहिला मान पु. लं.ना दिला. राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं. पु. ल. आजारी होते, वय झालं होतं. पुरस्कार स्वीकारताना त्यांनी, लोकशाहीपेक्षा ठोकशाही बरी अशी भाषा राज्यकर्त्यांच्या बाजूने ऐकू येते, याबद्दलची खंत बोलून दाखवली. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी त्यांच्यावर जाहीरपणे कडक टीका केली. वर्तमानपत्रांतून बरेच दिवस तो विषय चालला. आपण तेव्हा अकरावीच्या प्रवेशाच्या गडबडीत होतो. त्या घटनेचं मोल कळायला मला तरी पुढची वीस वर्षं लागली.

‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपण निबंधात वापरत होतो. पु. लं.वर आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं तेच होतं: सरकारचा पुरस्कार घेतला, मग सरकारवर बोलायचं कसं? कट्टर स्वतंत्रतावादीही उलट्या बाजूने तेच म्हणेल: बोलायचं असेल तर पुरस्कार घेऊ नका, अनुदान घेऊ नका, सरकारी नाट्यगृहात पाऊल टाकू नका. दोघांच्याही हिशोबात एक चूक आहे. पोळी सरकारची नाही. ती आपल्या करातून भाजलेली आहे. सरकार ती वाढतं, इतकंच. आणि वाढप्याने पंगतीतल्या माणसाला काय बोलावं हे सांगायचं नसतं.

हे तत्त्व अमोल पालेकरांनी कोर्टात नेलं. महाराष्ट्रात नाटकाला लागणाऱ्या पूर्वपरवानगीविरुद्ध त्यांनी 2016 साली मुंबई उच्च न्यायालयात आणि चित्रपटांच्या पूर्वपरवानगीविरुद्ध 2017 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 2019 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या वेळी ते सांस्कृतिक मंत्रालयाच्या धोरणावर बोलू लागले, तेव्हा त्यांना भाषण मध्येच आवरतं घ्यायला सांगण्यात आलं. दालन सरकारी, पाहुणा आमंत्रित, आणि अपेक्षा अशी की त्याने फक्त छान छान बोलावं.

पण या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती कोल्हापूरकरांना जास्त चांगली ठाऊक आहे. 1948 साली गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. ‘मीठभाकर’सारखं तयार झालेलं काम राख झालं, ते त्यांना पुन्हा उभं करावं लागलं. 2017 च्या मार्चमध्ये पन्हाळ्याजवळ मसाई पठारावर संजय लीला भन्साळी यांच्या ‘पद्मावती’चा सेट रात्री जमावाने पेटवून दिला. या दोन्ही वेळी कलावंताचं नुकसान सेन्सॉरने केलं नाही. ते जमावाने केलं, आणि सरकार हवं होतं तेव्हा जागेवर नव्हतं.

इथे तो रात्रीचा पहारेकरी आठवतो. स्वतंत्रतावाद्यांचं हे एक म्हणणं मला पूर्ण पटतं. आपल्या सरकारांनी बरोबर उलटं केलं: दिवसा संहितेवर पहारा दिला आणि रात्री स्टुडिओच्या दारातून गैरहजर राहिली. ‘लोकांच्या भावना दुखावतील’ हे कारण सांगून कात्री चालवली जाते, त्यातही हीच गफलत आहे. ज्याच्या हातात काडेपेटी आहे त्याला आवरायचं सोडून ज्याच्या हातात लेखणी आहे त्याला आवरलं जातं. पहिलं काम कठीण, दुसरं सोपं. आणि एकदा काडेपेटीला मान मिळाला की ती पुन्हा पुन्हा निघते.

बाकीच्या बाबतीत मी कट्टर स्वतंत्रतावादी होऊ शकत नाही, आणि कोल्हापुरात वाढलेल्या कुणालाही ते अवघड जाईल. या संस्थानात 1902 साली मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या गेल्या. 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं निघाली. आपल्यापैकी किती जणांचे आजोबा त्या वसतिगृहांत राहून शिकले, हे ग्रुपवर विचारून पाहा. राज्यसत्तेने हात आखडता घेतला असता तर आपल्या वर्गातले अर्धे बाक रिकामे राहिले असते. सरकारने शाळा काढावी, नाट्यगृह बांधावं, मराठी चित्रपटाला हातभार लावावा, चित्रनगरी चालवावी. फक्त हे सगळं देऊन झाल्यावर त्याने पडद्यामागे येऊन संवाद तपासू नयेत.

सुरुवातीला विचारलं होतं की ही विसंगती आहे की शहाणपण. मला वाटतं, केशवराव, निळूभाऊ आणि पु. ल. यांच्यात ते शहाणपण होतं. आश्रय घेतल्याने जीभ गहाण पडत नाही, हे त्यांनी वागून दाखवलं. अडचण त्या बहुसंख्यांची आहे ज्यांची जीभ कुणी मागितलेली नसते, तरी ती आपण होऊन गहाण पडते. हे फक्त नटांचं नाही. आपण नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, शिक्षक आहोत. आपल्यालाही कुठून ना कुठून कंत्राट, बढती, मान्यता हवी असते आणि आपणही घरूनच कापून आणतो.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर सिडनीपासून सांगलीपर्यंत सगळे हळहळले. आता सरकारी निधीतून ते पुन्हा उभं करण्याचं काम हाती घेतलं आहे, आणि ते योग्यच आहे. शाहू महाराजांनी बांधलेलं नाट्यगृह लोकांच्या पैशाने पुन्हा उभं राहावं, यापेक्षा चांगलं काय? मात्र भिंती, छत आणि ध्वनियंत्रणा कशी असावी यावर जितकी चर्चा झाली, तितकी एका गोष्टीवर झाली नाही. त्या रंगमंचावर सरकारला न आवडणारं नाटक लागलं तर तारीख मिळेल का? आणि ते बंद पाडायला चाळीस माणसं दारात आली तर पोलीस कुणाच्या बाजूला उभे राहतील?

आपल्यातले काही जण आज नगरसेवक आहेत, काही पत्रकार, काही वकील, एक-दोघे पोलीस खात्यात आहेत. नाटक करणारेही आहेत. नाट्यगृह उघडेल तेव्हा उद्घाटनाचे हार-तुरे होतीलच. आपण सगळे त्यानंतरच्या एखाद्या अडचणीत आलेल्या प्रयोगाची तिकिटं काढू, आणि तो सुरळीत पार पडेपर्यंत खुर्च्यांत बसून राहू. सर-बाईंनाही बोलावू. लाल रेघ मारणाऱ्या आपल्या बाई पहिल्या रांगेत असाव्यात, अशी माझी फार इच्छा आहे.